एक वीत

"त्येला सांग, उजव्या अंगानं चाल म्हनावं. डावीकडं दरड सुटलीया."

मी मान मागं टाकून म्हटलं, "अवं, भाऊजी म्हनत्यात, उजव्या अंगानं..."

"ऐकलंय म्या. त्येला सांग, ही वाट मलाबी ठावी हाय."

"भाऊजी, हे म्हनत्यात..."

"ऐकलं."

तुम्हाला वाटेल, दोघं एकमेकांपासून कोसभर लांब असतील. तसं काही नव्हतं. दोघांच्या खांद्यावर एकच बांबू होता, सात हात लांबीचा. पुढच्या टोकाला माझे मालक ठकाजी, मागच्या टोकाला त्यांचे थोरले भाऊ बुधाजी, म्हणजे माझे भाऊजी. आणि मधे, बांबूला टांगलेल्या घोंगडीच्या झोळीत मी, उजव्या मांडीचं हाड मोडून घेतलेली. एकाचा श्वास दुसऱ्याला ऐकू यावा एवढं अंतर, पण निरोप जायचे ते माझ्यामार्फत. जगात कुठल्या पोस्टमनला झोळीत निजवून टपाल वाटायला लावलं नसेल.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. आता सत्तरी जवळ आली. उजवा पाय दोन बोटं आखूड आहे, पण आहे. त्याच पायावर मी आमच्या वाडीतली अंगणवाडी तीस वर्षं चालवली. तो पाय कसा राहिला हे सांगायचं, तर आधी भांडण सांगायला हवं.

आमची वाडी डोंगराच्या कुशीत. गाडीरस्त्याला लागायचं तर खिंड चढून पलीकडे उतरायचं, तीन तासांची वाट. जमीन थोडी, पण हिरड्याची झाडं होती. चैत्र-वैशाखात कोवळा बाळहिरडा झोडायचा, वाळवायचा, त्यावर पावसाळ्याची बेगमी व्हायची. सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. भाऊजी स्वभावानं ढिले. "घे तुला पायजे ते," म्हणणारे. मालकांना तेच खुपायचं. त्यांचं म्हणणं, मला कुणी दिलेलं नको, माझं मला मोजून हवं. लहानपणी आई दादाला मोठी भाकरी वाढायची आणि मला लहान, हे त्यांच्या मनात घट्ट बसलेलं. काही झालं की म्हणायचे, "दादाचा वाटा कायम मोठा."

मालकांच्या कमरेला एक सुंभाची दोरी असायची. दर वितीला गाठ मारलेली. वाटणीच्या वेळी त्यांनी त्या दोरीनं घर मोजलं, गोठा मोजला, गवताची गंजीसुद्धा मोजली. शेवटी वावर मोजलं, आणि बांधावरचा हद्दीचा दगड भाऊजींच्या फायद्याचा निघाला. किती, तर एक वीत.

"दगड आबानं ठिवलाय, म्या न्हाई," भाऊजी म्हणाले.

"कुनीबी ठिवू दे. दोरी काय खोटं बोलती व्हय?"

पंचांना बोलावलं. पंच हसले, पण दोरीपुढं काय बोलणार? दगड उपटला आणि एक वीत पलीकडे, भाऊजींच्या वावरात रोवला. भाऊजींनी स्वतः पहार मारून दिली. मग पहार खाली टाकून म्हणाले, "घे तुजी वीत. पर आजपास्नं तू माझ्यासंगं बोलू नगं, म्या तुज्यासंगं बोलनार न्हाई."

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण दगड सरकला तसं आमचं जुनं हिरड्याचं झाड, जे आधी पुरतं भाऊजींकडे होतं, ते नेमकं हद्दीवर आलं. मग झाडाचीही वाटणी. आमच्याकडे झुकलेल्या फांद्या आमच्या, तिकडच्या त्यांच्या. देवानं ते झाड बनवताना मालकांना विचारलं नव्हतं. सगळ्या जाडजूड फांद्या तिकडे, आमच्याकडे नुसत्या बारीक. मालकांनी मला बजावून ठेवलं होतं, "त्येंच्या फांदीला हात लावायचा न्हाई. पाय तर लांबच."

थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं तोंड वर करून बोलावं, अशी आमच्यात रीत नव्हती. पण दोन भावांनी अबोला धरला आणि घरं एकमेकांना लागून. म्हैस सुटली, पाणी आलं, पाहुणा आला, हे सांगायला कुणीतरी हवंच. तीन वर्षांत मी रीत गुंडाळून ठेवली आणि निरोप्याचं काम धरलं. जाऊबाई पारूबाई म्हणायच्या, "हौसा, तू हाय म्हून ह्ये दोघं भांडत्यात. तू माहेरी गेली की झक मारून बोलत्याल." पण माहेरी जायला सवड कुणाला होती?

त्या वर्षी मालकांना कावीळ झाली. दोन महिने अंथरुणावर होते. उठले तेव्हा सदरा खुंटीला टांगावा तसा अंगावर लटकत होता. त्यात हिरड्याचा हंगाम तोंडावर. झाडावर चढायचं काम पुरुषांचं, पण घरात चढण्याजोगा पुरुष नव्हता. मग कासोटा घट्ट करून मीच चढले.

सकाळची नऊची वेळ असेल. वाडीतली धडधाकट माणसं सगळी लग्नाला गेलेली. भाऊजी आणि पारूबाई तेवढी मागं राहिली होती, कारण त्यांची म्हैस विणार होती. मी आमच्या बाजूचा हिरडा झोडला आणि शेंड्याकडचा राहिला. तिथं पोचायला माझ्या डाव्या पायाशी भाऊजींची मांडीएवढी जाड फांदी होती. तिच्यावर पाय ठेवला असता तर आरामात झालं असतं. मी पाय उचललासुद्धा. मग मालकांचं बोलणं आठवलं आणि तो पाय मी आमच्या मनगटाएवढ्या फांदीवर ठेवला.

फांदी मोडल्याचा आवाज आला. तो फांदीचा होता की हाडाचा, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

पहिले धावत आले ते भाऊजी. पलीकडेच होते. माझी मांडी बघून त्यांनी डोकं धरलं. मग मालक आले. कुणी कुणाशी बोललं नाही. पारूबाईंनी बांबूच्या कामट्या लावून, लुगडं फाडून पाय बांधला आणि अंगठ्याला चिमटा काढला. "लागतंय का?"

"लागतंय. पर बारीक."

पारूबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या माहेरी एकाचा असाच पाय मोडला होता. आधी बोटं बधिर झाली, मग काळी पडली, मग डॉक्टरांनी पाय कापला. "दवाखान्यात न्या," त्या म्हणाल्या. "आत्ता. चारची एस.टी. गाठा. म्हशीला मी हाये."

देवळाच्या आढ्याला डोलीचा बांबू असायचा. आजाऱ्याला न्यायला चार खांदे लागतात, दोघं दमले की दोघं. त्या दिवशी वाडीत दोनच खांदे होते, त्यातला एक कावीळ खाऊन बसलेला.

भाऊजी झोळी बांधायला लागले, तर मालकांनी कमरेची दोरी काढली.

"अवं, आता काय मोजताय?" मी कळवळून म्हटलं.

"गाठी मधोमध नकोत का? त्येला सांग, निम्मं त्यो, निम्मं म्या. माझ्या बायकूला दुसऱ्यानं वाहिली, असं उद्या कुनी म्हनाया नको."

"त्येला सांग," भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले, "वजन दोरीनं मोजत न्हाईत."

मालकांनी ऐकलं नाही. दोन्ही टोकांपासून दीड-दीड हात मोजून कोयत्यानं दोन खाचा पाडल्या, म्हणजे दोर घसरायला नको. त्या खाचांत झोळीच्या गाठी बसल्या. चढणीला आजाऱ्याचं डोकं वरच्या अंगाला ठेवतात. म्हणून माझं डोकं पुढं, मालकांकडे आलं, पाय मागं भाऊजींकडे. मालकांची पाठ मला दिसत नव्हती, नुसता त्यांचा श्वास ऐकू यायचा. समोर दिसायचा तो भाऊजींचा चेहरा, झोळीपासून हातभर मागं, घामानं डबडबलेला.

आणि अशी आमची वरात निघाली.

चढणीच्या पहिल्या तासात मालकांचा श्वास बदलला. आधी भात्यासारखा चालला होता, मग मधेच अडकायला लागला. दोनदा त्यांचा पाय लटपटला आणि झोळी हिंदकळली. माझ्या तोंडून किंकाळी फुटली.

"त्येला सांग, दम घ्यू."

"त्येला सांग, म्या दमलो न्हाई."

"मी दमलीया!" मी ओरडले. "झोळीत निजून निजून दमलीया. टेकवा मला!"

खिंडीच्या अलीकडे कातळात पाण्याचं टाकं आहे. तिथं त्यांनी मला सावलीत ठेवलं. मालक तांब्या घेऊन टाक्याच्या पायऱ्या उतरले. पायऱ्या खोल आहेत, वर काय चाललंय ते खालून दिसत नाही. मी डोळे मिटून पडले होते. मला कोयत्याचा टक टक असा आवाज आला.

खालून मालकांनी विचारलं, "त्यो काय तोडतोय?"

"गाठी सैल झाल्या, त्या बांधतोय म्हनावं," भाऊजी म्हणाले.

मालक वर आले, मला पाणी पाजलं आणि उरलेलं पाणी माझ्या उजव्या पायाच्या बोटांवर ओतलं. टाक्याचं पाणी वैशाखातही दात शिवशिवतील असं गार असतं.

"गार लागलं का?"

मी बोटांकडे बघितलं. पाणी ओघळताना दिसत होतं.

"कवा वतलं?" मी विचारलं.

तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा दोघा भावांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. बांबू उचलला आणि निघाले.

त्यानंतर मला एक चमत्कारिक भास व्हायला लागला. भाऊजींचा चेहरा जवळ आला होता. आधी हातभर मागं होता, आता त्यांच्या नाकावरचे घामाचे थेंब मोजता यायला लागले. माझ्या पायाला धक्का लागू नये म्हणून ते खेकड्यासारखे तिरके चालत होते. मानेची शीर दोरासारखी फुगली होती. मला वाटलं, ताप चढला. तापात माणसं अशी जवळ येतात, लांब जातात, असं मी ऐकलं होतं.

मालकांच्या पायात मात्र जोर आला. "त्येला सांग," ते पुढून म्हणाले, "टाक्याच्या पान्यात गुन हाय. पोटात गेलं आन् अंग हलकं झालं."

मी निरोप द्यायला तोंड उघडलं, तर भाऊजींनी मान हलवली. "असंल, असंल," एवढंच पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. दुखत असताना माणूस हसत नाही, म्हणून तेव्हा मला ते हसू वाटलं नाही.

खिंडीत पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. इथून उतार. उताराला डोकं मागं हवं, पण मला झोळीतून काढून फिरवायचं काम नाही, दोघांनी बांबूच गोल फिरवायचा आणि आपापली तोंडं फिरवायची. जो मागं होता तो पुढं. आता भाऊजी माझ्या पायांकडून पुढं चालायला लागले, त्यांची पाठ मला, आणि मालक माझ्या डोक्यामागं. मी डोळे वर केले की मालकांचा उलटा चेहरा दिसायचा आणि त्याच्यासमोरून गेलेला बांबू.

थोडं उतरलो असू. मालक एकदम गप्प झाले. एरवी त्यांची भाऊजींच्या चालीवर टीका चालायची. वर बघितलं तर त्यांची नजर बांबूवर खिळलेली. एका हाताचा अंगठा त्यांनी बांबूवर कशावर तरी ठेवला होता आणि तो पुन्हा पुन्हा तिथंच फिरवत होते, जपाचा मणी फिरवावा तसा. मला वाटलं, देवाचं नाव घेत असतील. बायकोच्या पायाची काळजी आहे म्हणून बरंही वाटलं.

मग ते बोलले. माझ्याशी नव्हे.

"दादा, बस जरा. खांदा बदल."

तीन वर्षांत पहिल्यांदा. भाऊजींची पाठ क्षणभर थबकली आणि पुन्हा चालू लागली.

"हौसा, त्येला सांग, चारची गाडी हाय. बसाय येळ न्हाई."

काय म्हणावं या माणसांना! मी रडावं की हसावं मला कळेना. पण मालक चिडले नाहीत. त्यांनी बांबू खांद्यावर जरा उचलला आणि एक पाऊल पुढं आले, माझ्या डोक्याच्या जवळ. त्यांच्यामागं बांबूचं टोक नुसतं हवेत राहिलं. थोड्या वेळानं आणखी अर्धं पाऊल. त्यांची छाती माझ्या केसांना लागायला लागली. धाप एवढी की माझं कपाळ त्यांच्या श्वासानं ओलं झालं.

भाऊजींना पुढं काहीतरी जाणवलं असावं. न वळता म्हणाले, "त्येला सांग, टोकाला धर म्हनावं. बांबूचा खांदा टोकाला असतो."

"त्येला सांग," मालक म्हणाले, "मलाबी वजन कळतं."

मला त्यातलं काहीच कळलं नाही. दोघं पुन्हा भांडायला लागले, एवढंच कळलं.

शेवटच्या वळणावर खाली फाटा दिसला आणि फाट्यावर लाल एस.टी. दिसली. कंडक्टर दार लावत होता. अजून अर्ध्या कोसाची उतरण बाकी. ही गाडी चुकली तर उद्या सकाळपर्यंत दुसरी नाही, आणि माझी बोटं सकाळपर्यंत टिकणार नव्हती. हे तिघांनाही माहीत होतं.

लहानपणी दोघं गुरं राखायला जायचे. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक पोचवायची त्यांची एक तऱ्हा होती, पोटातून काढलेली लांबलचक आरोळी. कुणी कुणाला सांगितलं नाही, खूण केली नाही. पुढून आणि मागून, एकाच वेळी, ती आरोळी निघाली. माझ्या दोन्ही कानांत घंटा वाजल्या. खाली कंडक्टरनं वर बघितलं. दार पुन्हा उघडलं.

ते देवमाणूस गाडी घेऊन थांबलं आणि मागच्या बाकावर मला आडवी घातली. पूर्ण वाट दोघं भाऊ माझ्या दोन्ही अंगांना उभे राहिले, मी घसरू नये म्हणून.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी हाड ओढून सरळ केलं. थोड्या वेळानं पायाची बोटं तांबूस झाली आणि मग अशी दुखायला लागली, की ते दुखणं मला सणासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "आणखी तासभर उशीर झाला असता, तर मला पाय काढावा लागला असता."

पुढं पायाला दोरी बांधून ती चाकावरून खाली सोडली आणि तिला विटा लटकवल्या. कॉटच्या पायथ्याखालीही विटा ठेवून ती बाजू वर केली. मी नर्सबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "एकीकडून विटा ओढतात, दुसरीकडून तुझं अंग ओढतं. दोन्हीकडून ओढ असली म्हणजे हाड जागेवर येतं." मालक तिथं बसून त्या विटांकडे तासन् तास बघायचे. एकदाही त्यांनी दोरी काढून काही मोजलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

भाऊजी दोनदा भाकऱ्या घेऊन आले. तीन तासांची वाट आणि मग एस.टी. त्यांच्या उजव्या खांद्याची कातडी सोलून निघाली होती, तिथं फडकं बांधलेलं. मालकांचा खांदा नुसता लाल. "टाक्याच्या पान्याचा गुन," मी मालकांना चिडवलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

दिवाळीच्या आधी मी घरी आले, काठी टेकत. पहिल्यांदा देवळात गेले. देवाला हात जोडले आणि वर बघितलं, तर आढ्याला तो बांबू. मला जिवंत फाट्यावर पोचवणारा. म्हटलं, त्यालाही हात लावावा. पोरांना सांगून खाली घेतला.

बांबूवर दोन खाचा असायला हव्या होत्या. चार होत्या. दोन सुबक, मोजून पाडलेल्या. दोन घाईनं पाडलेल्या, ओबडधोबड. दोन्ही नव्या खाचा जुन्यांपासून एकाच बाजूला सरकलेल्या. मी वीत लावून बघितली. बरोबर एक वीत.

मी तिथंच पायरीवर बसले. टाक्याजवळचा टक टक आवाज मला आठवला. जवळ आलेला भाऊजींचा चेहरा आठवला. भार ज्याच्याजवळ, ओझं त्याला जास्त, हे कावडवाल्यालाही कळतं. मी तापात नव्हते. झोळीच सरकली होती, भाऊजींच्या बाजूला.

त्याच दिवशी मी भाऊजींना गाठलं. ते गोठ्यात पारडीला पाजत होते. मला दवाखान्यात नेलं त्या दिवशीच ती जन्मली होती.

"भाऊजी, खाचा चार हायेत."

ते पारडीकडेच बघत राहिले. "त्येला कावीळ झालती गं. दोन म्हैन्यांत उठलेला. त्यात तुजं डोक्याकडचं अंग त्याच्याकडं, ते जड असतंय. दोरीला ते कसं कळावं? सांगितलं असतं तर त्यानं पुन्हा मोजलं असतं, आन् गाडी गेली असती." मग म्हणाले, "त्येला बोलू नगं. त्येचा निम्मा त्येला निम्माच राहू दे."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी पदर पुढं ओढून त्यांच्या पाया पडले. "उठ, पाय दुखल," एवढंच म्हणाले ते. दादाचा वाटा कायम मोठा, असं मालक म्हणायचे ते खोटं नव्हतं. त्या दिवशी तो खरोखरच मोठा होता, आणि त्यांनी तो आपणहून घेतला होता. माझा हा पाय जमिनीला टेकतो तेव्हा तेव्हा मी त्या माणसाचं नाव घेते. आजही घेते.

मालकांना सांगायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं. त्यांना ठाऊक नाही, अशाच समजुतीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात शेंगा निवडत होते. मालक ओट्यावर सुंभ वळत बसले होते. भाऊजी वावराकडून आले आणि आमच्या कुंपणाशी उभे राहिले. मालक पंधरा पावलांवर, पण सवय ती सवय.

"हौसा, त्येला सांग, बांधावरचा दगड सरकलाय. डुकरांनी उकरला असंल. म्या कालच बघितलं. एक वीत माज्याकडं जादा आलीया. म्हनावं, ये, दगड जागेवर बसवू."

माझे हात शेंगांत तसेच राहिले. मी मालकांकडे वळले. "अवं, भाऊजी म्हनत्यात..."

मालकांनी मान वर केली नाही. सुंभाला पीळ देता देता म्हणाले, "त्येला सांग, डुकरानं उकरला न्हाई. म्या ठिवलाय. मोजून ठिवलाय."

त्यांच्या मांडीवर ती वितीच्या गाठींची दोरी पडली होती. मला खिंडीचा उतार दिसला, उलटा चेहरा दिसला आणि बांबूवर पुन्हा पुन्हा फिरणारा तो अंगठा. तो जप नव्हता. तो रिकाम्या खाचेत फिरत होता. या माणसाला खिंडीतच सगळं कळलं होतं. आयुष्यभर वितीवितीसाठी भांडलेला माणूस त्या एका वितीबद्दल सहा महिने गप्प बसला होता, आणि बोलला तो असा.

निरोप पोचवायला मी कुंपणाकडे वळले. "भाऊजी, हे म्हनत्यात..."

भाऊजी माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग माझ्या डोक्यावरून ओट्याकडे बघत म्हणाले, "ऐकलंय, ठका."

मालकांच्या हातातला सुंभ खाली पडला. "मंग कुंपनाशी काय उभा ऱ्हायलास, दादा? वर ये की."

मी काठी उचलली आणि लंगडत लंगडत चहा टाकायला गेले.